निनावी अफवा आणि निनावी हुकूम



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची आपल्या लोकांची हौस जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे तिचा वेल महाराष्ट्रातील गावोगावी पसरला. आपली ही व्याख्यानमाला त्याच वेलाची एक फांदी. दिवसभराचे ऊन उतरल्यावर माणसे येऊन सतरंजीवर बसतात, बोलणारा चार गोष्टी सांगतो, न पटले तर कोणी उठून शंका विचारतो, आणि घरी जाताना रस्त्यात पुन्हा वाद चालू राहतो. ह्या साध्या प्रघातात एक मोठी गोष्ट आहे. येथे बोलणाऱ्याचे तोंड दिसते. तो कोण, कोठला, काय म्हणाला आणि कशाच्या आधारावर म्हणाला, हे सर्वांना ठाऊक असते. तो चुकला तर त्याला धरता येते.

आजचा आमचा विषय ह्याच्या अगदी उलट जातीचा आहे. इंटरनेटमुळे आपल्या समाजात काय बदलले, आणि त्या इंटरनेटवर सरकारने किती व कसा ताबा ठेवावा, ह्याविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही यंत्रशास्त्रातले जाणकार नव्हे. एक नागरिक म्हणून जे पाहिले, वाचले आणि सोसले, त्यावरून जे मत बनले ते आपल्यापुढे ठेवण्याचा विचार आहे. ते पारखून घेण्यास आपण समर्थ आहात.

समुद्रातून आलेली तार

प्रथम ही वस्तू आहे काय, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की इंटरनेट हे आकाशात कोठेतरी असते. वस्तुतः ते बव्हंशी समुद्राच्या तळाशी असते. काचेच्या केसासारख्या तंतूंचे जाड दोरखंड सागरतळावरून खंडाखंडांना जोडतात, आणि त्यांपैकी बरेच दोर मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येऊन जमिनीला लागतात. तेथून ते देशभर फाटे फोडीत जातात, मनोऱ्यावर चढतात, आणि शेवटच्या टप्प्यात तेवढे हवेतून आपल्या खिशातील यंत्रात उतरतात. ही माहिती आम्ही गंमत म्हणून सांगत नाही. ज्याला दोर आहे, त्याला तो धरणारा हातही असतो, हे पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावयाचे आहे.

आपल्या देशात सामान्य माणसासाठी ही सोय १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुली केली. त्या वेळी ती मोठ्या शहरांतील थोड्या लोकांची चैन होती. २०१६ नंतर मोबाईलवरील दर एकदम कोसळले आणि जी गोष्ट बंगल्यात होती ती बांधावर गेली. लासलगावच्या बाजारात कांद्याला काय भाव फुटला, हे शेतकरी ट्रॅक्टर भरण्याआधी पाहतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात घालावे लागणारे हेलपाटे पुष्कळ कमी झाले. चहाच्या टपरीवर पाच रुपयांचा हिशेबही चौकोनी ठिपक्यांच्या पाटीवर होतो. ज्या खेड्यात ग्रंथालय नाही, तेथील मुलगी रात्री पांघरुणात बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आखातात कामाला गेलेला मुलगा रत्नागिरीतील आईशी तोंड पाहून बोलतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळांना कुलपे लागली तेव्हा शाळाच ह्या तारेवरून घरात आली. आणि ज्या घरात ती येऊ शकली नाही त्या घरातील मुले मागे पडली.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही करमणूक होती. आज ती पाणी, वीज आणि रस्ता ह्यांच्या पंक्तीला येऊन बसली आहे. म्हणून तिच्यावर कोणाचा हात आहे, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

राईनपाड्याची गोष्ट

सरकारी ताब्याविरुद्ध बोलणारे वक्ते बहुधा एका गोष्टीची वाच्यता टाळतात. आम्ही ती आधी सांगतो, कारण ती आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि ती झाकून ठेवून केलेला युक्तिवाद प्रामाणिक होणार नाही.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी तेथे आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसे भिक्षा मागत तेथे आली. त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी ही माणसे. पण त्या दिवसांत मोबाईलवरून एक अफवा फिरत होती की मुले पळवणारी टोळी आली आहे. संशय घेतला गेला, जमाव जमला, त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि तेथेच ठेचून मारले गेले. ज्या ग्रामपंचायतीत माणसाने न्याय मागावयाचा, तेथे हे घडले.

ती अफवा कोणी लिहिली? कोणालाही सांगता येणार नाही. ती ज्याच्याकडे आली त्याने दुसऱ्याकडे ढकलली, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. प्रत्येकाचा अंगठा त्या पापाला लागला आणि सही मात्र एकाचीही नाही. त्याच महिन्यात संबंधित कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. शहाणपण आले, पण पाच जीव गेल्यावर आले.

तेव्हा सरकारने ह्या क्षेत्रात पाऊलच टाकू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दंगल पेटवणाऱ्याला, मुलाबाळांची विटंबना विकणाऱ्याला, म्हाताऱ्याकोताऱ्यांची पुंजी लुबाडणाऱ्याला धरणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. सरकारने ते कोणत्या वाटेने करावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

दोन जुन्या वाटा

ह्या वाटा नव्या नाहीत. इंग्रजी अमदानीत आपल्या वृत्तपत्रांनी त्या दोन्ही पाहिल्या आहेत.

पहिली वाट न्यायसभेची. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. तो अन्यायाचा होता ह्यात संशय नाही. नऊ जणांच्या ज्यूरीत सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. लोकमान्य मंडालेस गेले. पण त्या खटल्यात लेख कोणता, वाक्य कोणते, कलम कोणते आणि शिक्षा देणारा कोण, हे सर्व उघड्यावर होते. लोकमान्यांना आपली बाजू मांडता आली; ते एकवीस तासांहून अधिक बोलले. त्या बोलण्याचा परिणाम सरकारच्या निकालापेक्षा कितीतरी पुढे गेला. अन्याय उघड्यावर झाला म्हणूनच तो लोकांना दिसला.

दुसरी वाट कचेरीची. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत देशी भाषांतील पत्रांसाठी खास कायदा झाला. मॅजिस्ट्रेटने छापखानेवाल्याकडून जामीनकतबा लिहून घ्यावा, आणि त्याच्या निर्णयावर कोर्टात दाद नाही. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. म्हणून कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ रातोरात इंग्रजी झाली. तो कायदा पुढे लॉर्ड रिपनच्या काळात गेला. पण १९१० साली प्रेस ॲक्टाच्या रूपाने तीच युक्ती परत आली. शिवरामपंत परांजपे यांचा ‘काळ’ त्याच साली जामिनकीच्या मागणीपायी बंद पडला. येथे खटला नाही, ज्यूरी नाही, एकवीस तासांचे भाषण नाही. कारकुनाने एक कागद आणून दिला की काम झाले.

स्वराज्यात आपण पहिलीच वाट पत्करू, अशी अपेक्षा होती. १९७५ च्या आणीबाणीत ती मोडली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. तथापि त्या काळोखातही एक दार किलकिले होते. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचा मजकूर मुंबईच्या सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ साली, आणीबाणी चालू असतानाच, न्यायालयाने सेन्सॉरला कायद्याची मर्यादा दाखवून दिली. हा खटला कायद्याच्या पुस्तकांत ‘बिनोद राव विरुद्ध मिनोचर रुस्तम मसानी’ म्हणून नोंदला आहे. बिनोद राव हे त्या सेन्सॉरचे नाव. अडवणाऱ्याला नाव होते, म्हणून त्याला न्यायालयात उभे करता आले. ही लहानशी बाब आपण विसरू नये.

तार तोडणारा हात

आता आपल्या काळाकडे वळू. इंटरनेटवरील सरकारी ताबा दोन प्रकारे चालतो. एक, तारच तोडावयाची. दोन, तारेवरचा अमुक मजकूर पुसावयाचा.

तार तोडण्याची सत्ता आली कोठून? १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातून. सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी सरकारने तारसंदेश अडवावेत, असे त्याचे पाचवे कलम होते. ज्या काळात तार म्हणजे कड्ड-कट्ट करून जाणारा दहा-वीस शब्दांचा निरोप होता, त्या काळचे ते कलम. त्याच कायद्याखाली २०१७ साली इंटरनेट बंद करण्याचे नियम झाले. पुढे २०२३ साली नवा दूरसंचार कायदा आला, २०२४ साली नवे नियम आले. कायद्याचे नाव बदलले, सत्ता राहिली.

ही सत्ता आपण किती वापरली? ह्या बंदांची मोजदाद ठेवणाऱ्या ‘ॲक्सेस नाऊ’ ह्या संस्थेच्या गणतीप्रमाणे २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे जगात सर्वांत अधिक वेळा इंटरनेट बंद करणारा देश भारत होता. २०२४ साली आपले ८४ बंद झाले आणि पहिला क्रमांक ८५ बंदांनी म्यानमारकडे गेला. जेथे लष्कराची राजवट आहे त्या देशाशी आपण एका आकड्याच्या अंतराने स्पर्धा करावी, हे लोकशाहीला भूषणावह नाही. आणि आपल्या सरकारची स्वतःची गणती काय? संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यात आढळले की केंद्राच्या दूरसंचार आणि गृह ह्या दोन्ही खात्यांकडे ह्या बंदांची नोंदच ठेवलेली नाही. दंगल थांबली की नाही, तोटा किती झाला, उपाय लागू पडला की नाही, ह्याचा हिशेब ठेवावा असे कोणास वाटले नाही. वैद्य औषध देतो, पण रोगी बरा झाला की नाही हे विचारीत नाही, असा हा प्रकार.

बंदची कारणेही पाहण्यासारखी आहेत. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि कोल्हापुरात जून २०२३ मध्ये दंगलीच्या वातावरणात इंटरनेट बंद झाले. तेथे निदान निमित्त तरी गंभीर होते. पण राजस्थानात सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षकभरतीच्या पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून कित्येक जिल्ह्यांचे इंटरनेट तोडले गेले. परीक्षेला बसलेल्यांची कॉपी पकडण्यासाठी परीक्षेला न बसलेल्या लाखोंचे व्यवहार बंद ठेवावयाचे! पर्यवेक्षकाचे काम १८८५ च्या कायद्यावर सोपवण्याचा हा प्रकार पाहून तो कायदा लिहिणारा इंग्रजही चकित झाला असता.

आम्ही स्वतः एकदा अशा बंदमध्ये सापडलो होतो. गाव आणि साल सांगत नाही, कारण कोणा एका अधिकाऱ्यावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. आमच्या एका स्नेह्यांचे औषधांचे दुकान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई इन्शुलिनसाठी आल्या. हातात रोकड नव्हती. मुलगा पुण्याहून मोबाईलवर पैसे पाठवी, ते येण्याची वाट बंद होती. आमच्या स्नेह्यांनी औषध उधार दिले, हा त्यांचा चांगुलपणा. दुपारपर्यंत त्यांच्या वहीत चाळीस नावे झाली. घाऊक व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवता येईना, म्हणून संध्याकाळी कपाट रिकामे होऊ लागले. हा बंद किती दिवसांचा आहे, एवढे तरी कळावे म्हणून आम्ही दोघे सरकारी कचेरीत गेलो आणि हुकुमाची प्रत मागितली. एका मेजावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलो. सर्वजण सभ्यपणे बोलले. प्रत कोणाकडेच नव्हती. शेवटच्या गृहस्थांनी छताकडे बोट दाखवून सांगितले, “वरून आला आहे.”

त्या दिवशी घरी येताना आमच्या मनात राईनपाडा आला. मुले पळवणारी टोळी आली, हे कोणी सांगितले? कळत नाही, मोबाईलवर आले. इंटरनेट बंद करा, हे कोणी सांगितले? कळत नाही, वरून आले. एका बाजूस निनावी अफवा आणि दुसऱ्या बाजूस निनावी हुकूम! एक गल्लीतून चालत आली, एक मजल्यावरून उतरला; परंतु दोहोंपुढे नागरिक सारखाच हतबल. विचारावे कोणाला, हे दोन्हीकडे ठाऊक नाही.

मणिपूरने शिकवलेला धडा

तरीही कोणी म्हणेल, चार दिवस दुकानाची गैरसोय झाली तर काय बिघडले. जीव तर वाचतात ना? ह्या प्रश्नाला मणिपूरने उत्तर दिले आहे, आणि ते ऐकणे सोपे नाही.

३ मे २०२३ रोजी मणिपुरात हिंसाचार उसळला आणि इंटरनेट बंद झाले. दुसऱ्या दिवशी, ४ मे रोजी, जमावाने स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली. त्या घटनेची तक्रार मे महिन्यातच पोलिसांत नोंदली गेली होती. मे गेला, जून गेला. इंटरनेट बंदच होते. १९ जुलै रोजी त्या घटनेची चित्रफीत कोठून तरी बाहेर पडली आणि देशाने ती पाहिली. दुसऱ्याच दिवशी पहिली अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. जे अडीच महिन्यांत झाले नव्हते ते अडीच तासांच्या लोकलज्जेने सुरू झाले. मोबाईलवरील इंटरनेट तेथे डिसेंबरपर्यंत सर्वांस पूर्ववत मिळाले नव्हते.

तार तुटली म्हणून अत्याचार थांबला नाही. अत्याचाराची वार्ता थांबली. जमावाला एकत्र येण्यासाठी इंटरनेट लागत नाही. ढोल आणि आरोळी पुरते. इंटरनेट लागते ते मदत मागणाऱ्याला आणि साक्ष देणाऱ्याला. राईनपाड्याच्या अफवेचा आणि मणिपूरच्या चित्रफितीचा मार्ग एकच होता. अफवेसाठी तो मार्ग बुजवला की साक्षही त्याच मातीखाली गाडली जाते. तार तोडणे हे शस्त्र आंधळे आहे, असे आम्ही म्हणतो ते ह्यासाठी.

काश्मीरचे उदाहरणही थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे सर्व संपर्क तुटले; जानेवारी २०२० च्या अखेरीस मंद गतीचे आणि ठरावीक संकेतस्थळांपुरते इंटरनेट आले; वेगवान सेवा यावयास ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. म्हणजे सुमारे अठरा महिने. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादिका अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटल्यात सर्व हुकूम न्यायालयापुढेसुद्धा आले नाहीत, नमुन्यादाखल काही आले. १० जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला: इंटरनेटद्वारे बोलणे आणि व्यापार करणे ह्यांस घटनेचे संरक्षण आहे, बेमुदत बंद चालणार नाही, आणि प्रत्येक हुकूम प्रसिद्ध झालाच पाहिजे. २०२४ च्या नियमांतही हुकूम कारणांसह प्रसिद्ध करावा, त्यात प्रदेश आणि मुदत स्पष्ट असावी, असे लिहिले आहे. कागदावर तत्त्व मान्य झाले. पण हुकूम तपासणारी जी समिती आहे, तीत सगळे सचिव. हुकूम काढणारा सचिव आणि तो योग्य होता की नाही हे ठरवणारेही सचिव. सुनेचे गाऱ्हाणे सासूच्याच बहिणीपुढे मांडावयाचे, तसे हे आहे.

पुसणारा हात

दुसरा प्रकार मजकूर पुसण्याचा. ह्याची सुरुवात आपल्याच पालघरात झाली म्हणावयास हरकत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुण मुलीने हा बंद कशासाठी, अशा अर्थाची चार वाक्ये फेसबुकवर लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि खटला मागे पडला, परंतु त्या दोघी मुलींनी जे भोगले ते मागे घेता येण्यासारखे नव्हते. अटकेस आधार होता माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६-अ’ ह्या कलमाचा. आणि ते कलम डिसेंबर २००८ मध्ये लोकसभेने जवळजवळ चर्चेवाचून मंजूर केले होते. श्रेया सिंघल ह्या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले.

हा विजय मोठा खरा. परंतु त्याच निकालात ‘६९-अ’ हे कलम कायम राहिले. ह्या कलमाखाली सरकार एखादा मजकूर वा संकेतस्थळ बंद करण्याचा हुकूम कंपनीला देते. लेखी कारणे, समिती, लेखकास म्हणणे मांडण्याची संधी, अशी बंधने त्यात आहेत, म्हणूनच न्यायालयाने ते राखले. पण २००९ च्या नियमांत एक नियम असा आहे की हे सारे गुप्त ठेवावे. परिणाम असा की व्यवहारात पुष्कळदा लेखकाला कंपनीकडून दोन ओळींची सूचना येते, आणि वाचकाला तर रिकाम्या जागेखेरीज काहीच दिसत नाही. लोकमान्यांना आपले दोषी वाक्य कोणते हे ठाऊक होते. आजच्या लेखकाला तेवढेही कळेलच असे नाही.

आणि २०२३ साली ह्याही पुढे पाऊल पडले. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी कोणती माहिती खोटी वा दिशाभूल करणारी आहे हे सरकारचाच एक विभाग ठरवील, असा नियम झाला. फिर्यादी, पंच आणि न्यायाधीश एकच! विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि संपादकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते दोन झाली. तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी नियम घटनाविरोधी ठरवणाऱ्या मताला दुजोरा दिला आणि तो रद्द झाला. लोकमान्यांना शिक्षा झाली ती ह्याच उच्च न्यायालयात, मसानींना न्याय मिळाला तोही येथेच, आणि हा निकालही येथलाच. न्यायसभेची वाट कितीही खडतर असली तरी ती उघडी असावी, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा कोणता?

आपण काय मागावे

कोणी विचारील की सरकारचे एवढे सांगितले, मग त्या कंपन्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. कोणाच्या डोळ्यांपुढे काय यावे हे परदेशातील चार-दोन कंपन्यांची यंत्रे ठरवतात, आणि रागावलेला माणूस अधिक वेळ खिळून बसतो म्हणून राग आणणारा मजकूर वर येतो. तेथेही कारण कळत नाही, तेथेही कोणाची सही नाही. आम्हांला तर असे दिसते की सरकार आणि कंपन्या हे परस्परांचे शत्रू कमी आणि सोयरे अधिक आहेत. सरकारला दहा हजार लेखकांमागे धावण्यापेक्षा एका कंपनीला चिठ्ठी देणे सोपे, आणि कंपनीला लेखकासाठी भांडण्यापेक्षा चिठ्ठी पाळणे स्वस्त.

येथे एक गैरसमज होऊ नये. आम्ही निनावीपणावर टीका केली, ती प्रत्येक निनावी माणसावर नाही. कचेरीतील लाचलुचपत उघड करणारा कारकून, सासरचा छळ सांगणारी सून, ह्यांना नाव झाकण्याचा हक्क आहेच; त्यांचे नाव उघडे पडले तर त्यांचे डोके फुटेल. ज्याच्या हाती जितकी सत्ता अधिक, तितकी त्याची सही ठळक असावी, एवढेच आमचे सूत्र आहे. दुबळ्याने आडोशाला उभे राहिले तर चालेल. दंडाधारी माणसाने पडद्याआड उभे राहू नये.

तेव्हा मागण्या मोजक्या आहेत. इंटरनेट बंद करावयाचे असेल तर हुकूम त्याच दिवशी तहसील कचेरीच्या फलकावर आणि वर्तमानपत्रात लागावा. त्यात कारण, हद्द, शेवटची तारीख आणि अधिकाऱ्याचे नाव असावे. तो तपासणाऱ्या समितीत सरकारी नोकरीबाहेरचा, न्यायदानाचा अनुभव असलेला निदान एक माणूस असावा. प्रत्येक बंदची नोंद ठेवून वर्षअखेर विधिमंडळापुढे हिशेब यावा. आणि कोणाचा मजकूर पुसला तर, लेखक सापडण्यासारखा असताना, त्याला कारणासह कळवावे. ह्यांतील पुष्कळसे न्यायालयाने आणि नियमांनी आधीच मान्य केले आहे. मान्य झालेले मागूनही मिळत नसेल तर पुन्हा मागावे. तालुक्यातल्या एका माणसाने प्रत मागितली तर “वरून आला आहे” हे उत्तर मिळते. पाचशे माणसांनी मागितली तर प्रत सापडते, असा आपला अनुभव आहे.

शेवटची मागणी आपली आपल्याशीच. सरकारकडे सही मागणाऱ्याने स्वतः बिनसहीचा माल पुढे ढकलू नये. संध्याकाळी मोबाईलवर एखादा खळबळजनक मजकूर आला की अंगठा उचलण्यापूर्वी एवढेच विचारावे: हे कोण म्हणतो? उत्तर मिळाले नाही तर तो मजकूर आपल्यापाशीच मरू द्यावा. राईनपाड्याच्या बाजारात त्या दिवशी पुरेशा माणसांनी हा एक प्रश्न विचारला असता, तर ते पाच जण संध्याकाळी झोळ्या घेऊन पुढच्या गावी गेले असते.

आमच्या त्या औषधविक्रेत्या स्नेह्यांची उधारीची वही अजून त्यांच्या गल्ल्यात आहे. चाळीस नावांपैकी अडतीस जणांनी पैसे आणून दिले. नाव लिहिलेले होते, म्हणून देणे फिटले. हुकुमाची प्रत मात्र आम्हांला अद्याप मिळालेली नाही. ती आम्ही अजून मागत आहोत.